शब्बीरभाईंनी बदलायला लावलेला बेल्ट

जुनी गाडी घेताय ना, मग माझं ऐका. पंच्याण्णव साली मी आमच्या भिवंडीतल्याच शब्बीरभाईंची गाडी घेतली. त्यांचे कापड विणायचे लूम होते. व्यवहार होऊन आठवडा झाला, तर भाई सकाळी टेमघरला माझ्या दारात हजर.

“इंजिनातला टायमिंग बेल्ट मी कधी बदलला, मला आठवत नाय. पाच वर्षं तरी झाली असतील. आजच बदल.”

“गाडी मस्त चालतेय, भाई. बायकोचं बाळंतपण होऊ दे, मग बघतो.”

“अरे, म्हणून तर आलो. तो सांगून तुटत नाय. तुटला की गाडी जागच्या जागी बंद.”

ते स्वतः माझ्यासोबत गॅरेजला आले. मेकॅनिकने जुना बेल्ट काढून वाकवला, तर त्याला भेगाच भेगा, काही दातेही झडलेले.

त्याच आठवड्यात बायकोला कळा सुरू झाल्या. मानकोलीवरून ठाण्याच्या हॉस्पिटलपर्यंत गाडी कुठेही अडली नाही. बाळ आडवं होतं. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं.

भाई बाळाला बघायला आले. मी त्यांचे हात धरून उभा राहिलो. ते अवघडले. मुलीकडे बघत हळूच म्हणाले, “ही शाळेत जायला लागली की परत नवा बेल्ट टाक.”