दोन नंबरचा साखळीवाला

ऐका लेकहो. अंधार पडल्यावर मानूस एकटा निघाला, तिथून ही गोष्ट चालू होते. मधात कोनी उठाचं नाई. ज्याले भेव वाटते त्यानं आताच घरी जा. नाई जात? मंग बसा, आन ते लाकूड जरा आत सरकवा.

तर लटारी पिंपळशेंडे. कोळशाच्या खदानीवरच्या इंजिनाचा डायवर. उंचापुरा, मिशा पिळलेल्या, चालला का वाटे रस्ता याच्या बापाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी खदानीवर त्याचा सत्कार होता. कायचा सत्कार? तीस वर्षं इंजिन चालवलं, अन् नावावर एक ठपका नाई! साहेब शाल घालनार, नारळ देनार. त्याच दिवशी जुनं वाफेचं इंजिन बंद होनार, नवीन डिझेल सुरू होनार. लटारी पोरीले बोलवाले नांदोऱ्याले गेला होता. तिथं जावयासंग गप्पा मारता मारता शेवटची बस गेली.

पोर म्हने, "बाबा, झोपा आता. सकाळच्या गाडीनं संगच जाऊ."

हा थांबते? याले घरी जाऊन मिशीले कलप लावाचा होता! म्हने, "सडकेनं तीन कोस, दोन नंबरच्या जुन्या सायडिंग लाइनीवरून एक. जातो रुळा-रुळानं."

"दोन नंबरवरून नका जाऊ बाबा. रातचं तिथं कोनी जात नाई."

"त्या रुळावर मी जिंदगी घातली. मले कोन अडवते बे?"

आन निघाला. हातात बॅटरी, गळ्यात दुपट्टा.

आता दोन नंबरवर कोनी काऊन जात नाई, हे सांगतो. हे समजल्याशिवाय पुढचं समजनार नाई.

आमचं इंजिन विलायतेचं. तिकडच्या कोळसाखदानीवर राबून राबून जुनं झालं, मंग बोटीनं इकडं आलं. बुटकं. पाठीवर पान्याची टाकी, घोड्यावर खोगीर ठेवल्यावानी. आमी तिले ठेंगनी म्हनत होतो. ठेंगनी वाघिनी ओढे. वाघीन म्हंजे कोळशाचा डबा, भेव नका, ती जंगलातली नाई! दोन वाघिनी जोडाच्या तर मधात शिरून एकीची साखळी दुसरीच्या हुकात टाका लागे. ते काम साखळीवाल्याचं. दोन्हीकडून बफर, म्हंजे धक्का खानारे लोखंडी दांडे, मधात मानूस. इंजिन बोटभर हललं तरी छातीचा चुरा.

म्हनून आमच्या खदानीवर एक नेम होता. मधात शिराच्या आधी साखळीवाला आपला दुपट्टा इंजिन चालवाच्या हँडलले बांधे. बाहेर आला का आपल्याच हातानं सोडे. तोवर हँडलले हात लावाचा नाई. डायवरनं नाई, साहेबानं नाई, साहेबाच्या बापानंही नाई! ती गाठ म्हंजे मानसाचा जीव.

आमचा साखळीवाला होता कवडू निखाडे. बारका मानूस. कोनाले कधी उलटा शब्द बोलला नाई. दारूच्या थेंबाले शिवत नव्हता, हे ध्यानात ठेवा. एक दिवस दोन नंबरवर संध्याकाळच्या टायमाले तो दुपट्टा बांधून मधात शिरला. साखळी ताठ बसली, हुकात जाईना. तिकडे साहेब घड्याळ पाहून रायला, मोठ्या लाइनीची गाडी उभी. लटारी चिडला. म्हने, थोडं मागं दाबलं का साखळी ढिली पडन. हाक नाई मारली, विचारलं नाई. गाठ सोडली आन हँडल हलवलं.

बस. एवढंच.

फायरमन राख टाकाले गेला होता, पाहाले कोनी नव्हतं. लटारीनं काय केलं? कवडूचा दुपट्टा भट्टीत टाकला! जळून गेला. आन साहेबापुढं सांगितलं, "यानं दुपट्टा बांधलाच नाई. पिऊन होता." कागदावर तेच लागलं. कवडूची बायको शेवंता. साऱ्या खदानीत तिले दारुड्याची बायको म्हनाले लागले. पोरगा शाळेतून रडत येई. ती वरडून सांगे, "माहा मानूस पेत नव्हता, दुपट्टा बांधल्याशिवाय शिरत नव्हता!" कोन ऐकते? मीही नाई ऐकलं. खोटं काऊन बोलू, मीही नाई.

अकरा वर्षं झाली. दोन नंबर बंद पडली. चार-सहा वाघिनी तिथंच गंजून रायल्या. आन त्या रुळावरून लटारी निघाला, समजलं?

चांदनं होतं. पयले पयले मजेत चालला. सकाळी साहेब बोलनार ते भाषन आपल्याच तोंडानं बोलत होता. "लटारी डायवर, तीस वर्षं, एकही ठपका नाई." मंग त्याले वास आला. कायचा? जळक्या कापडाचा. इकडं पाहे, तिकडं पाहे. रानात ना धूर, ना जाळ. म्हनला, कोनी शेताच्या धुऱ्यावर कचरा पेटवला असन.

पुढं गेला तर मागून रुळातली गिट्टी वाजली. खर्र, खर्र. हा थांबला, ते थांबलं. हा चालला, ते चाललं. यानं बॅटरी मागं मारली. कोनी नाई! आन पलटून पुढं पाहते तर रुळावर कंदील. हिरवा. हालून रायला, ये, ये, असा.

लटारीच्या जिवात जीव आला. म्हने चौकीदार असन. "कोन हाय बे?" हा जवळ जाय, तो तेवढाच लांब जाय. पान्याचा खांब लागला, जिथं ठेंगनी पानी भरे. खांब मागं टाकला. चालला, चालला. पुन्हा खांब! बाप्पा! पुन्हा चालला. पुन्हा तोच खांब! तुमी म्हनान चकवा लागला. नाई रे! चकवा रस्ता भुलवते. इथं तर रूळ होते पायाखाली, सरळ, दोन. रुळावर कोन भुलते?

तिसऱ्यांदा खांब आला तेव्हा कंदील लाल झाला.

आन रूळ गुनगुनाले लागले. डायवरच्या पायाले ते बरोबर समजते. इंजिन येऊन रायलं होतं! पन इंजिन कुठलं? ठेंगनी तर शेडात थंड पडली होती, त्यानंच भट्टी विझवली होती दुपारी. मागं पाहते तर काय! ठेंगनी! भट्टीचं तोंड उघडं, लाल जाळ, वाफ सोडून रायली. आन वर हँडलपाशी कोनी नाई!

पळाला लटारी. दोन्हीकडं खोदलेली दरड, चढाले जाय तर माती हातात येय. पळे तर इंजिन पळे. दमून थांबे तर इंजिन थांबे, चार हातांवर. मारत नव्हतं, समजलं का? ढोरं हाकलावे तसं हाकलून रायलं होतं. हाकलत हाकलत त्याले त्या गंजलेल्या वाघिनीपाशी आनलं. आन तिथं थांबलं.

मंग आवाज आला. गरीब, बारका. जसा अकरा वर्षांआधी होता तसाच.

"लटारीभाऊ. साखळी लावा जी."

लटारी गुडघ्यावर आला. "कवडू, माफ कर रे! पोरीची आन, माफ कर!"

"साखळी लावा जी. गाडी थांबून आहे. पयले दुपट्टा बांधा."

तोच शब्द, तोच नेम. लटारीले वाटलं, नेम पाळते म्हंजे वाचवते. वर चढला. हँडलले आपला दुपट्टा बांधला. एक गाठ नाई, चार गाठी मारल्या! उतरला, आन शिरला मधात. एकीकडं वाघीन, एकीकडं ठेंगनी. साखळी उचलली. थंडीगार, जड. हुकापाशी नेली तर जाईना. ताठ! बरोबर तशीच ताठ!

आन त्यानं मान वळवून वर पाहिलं. हँडलची पहिली गाठ सुटली.

कोनी दिसत नव्हतं. गाठ आपली आपली सुटून रायली होती. हळूच. दुसरी सुटली.

"दुपट्टा बांधला आहे!" लटारी वरडला. "मानूस मधात आहे! बांधला आहे दुपट्टा!"

"कोनाचा?"

"माहा! माहा दुपट्टा!"

"आन त्या दिवशी?"

लटारी चूप. चूप! जीव चालला, तरी चूप! सांगावं तर सकाळची शाल गेली, मिशी गेली, तीस वर्षं गेली. पाहा मानसाचं मन कसं असते. तिसरी गाठ सुटली. बफर हलला. बोटभर. छातीले थंड लोखंड लागलं.

"त्या दिवशी तू बांधला होता! तू बांधला होता कवडू! मी सोडला!"

"ऐकू नाई आलं."

"मी सोडला! मी जाळला! तू पेला नव्हता!"

"शेवंताले ऐकू नाई गेलं. मोठ्यानं."

आन लेकहो, आता ऐका. इथून पुढचं मी सवता ऐकलं, सवता पाहिलं. मी तीन नंबरच्या काट्यावर होतो, वाघिनी तोलाच्या कामावर. रातपाळीची मानसं खाली उतराले निघाली होती. तेवढ्यात रानातून ती बोंब आली. अर्ध्या कोसावरून! मानसाच्या गळ्यातून एवढा आवाज निघते हे मले तोवर माहीत नव्हतं. "कवडू पेला नव्हता! कवडूनं दुपट्टा बांधला होता! मीच सोडला! मी लटारी! मीच मारला!" एकदा नाई, दहादा. सारे जागच्या जागी उभे. चाळीतले दरवाजे उघडले. शेवंता दारात आली. केस मोकळे, हातात रॉकेलची चिमनी. ऐकत होती.

तिनं ऐकलं, आन बोंब थांबली. मंग खन्नकन आवाज झाला, लोखंडावर लोखंड.

आमी कंदील घेऊन पळालो. पाहतो तर ठेंगनी तिथं नाईच! लटारी खाली रुळाच्या स्लीपरवर आडवा पडलेला. शेवटच्या क्षनाले पाय घसरला आन तो खाली पडला म्हनून छाती वाचली. पन उजवा हात वर साखळीवर होता. तीन बोटं गेली. हँडल हलवाचा हात तो. आन ती वाघीन आन तिच्या पलीकडची, ज्या लाइन बंद पडल्यापासून हातभर दूर गंजून उभ्या होत्या, त्यायचे बफर एकमेकाले भिडले होते. तिथं ढकलाले इंजिन लागते, मानसायचं काम नाई. शेडात जाऊन पाहिलं. ठेंगनी थंडीगार. हँडलले लटारीचा दुपट्टा लोंबत होता. एक गाठ बाकी होती.

सत्कार? कायचा सत्कार बे! साहेबानं शाल परत नेली.

लटारी दवाखान्यात पडला होता. तिसऱ्या दिवशी शेवंता गेली, पोराले घेऊन. आमाले वाटलं शिव्या देईन, नाई तर रडन. ती खाटेपाशी खाली बसली. म्हने, "सांग." लटारीनं सारं सांगितलं, तो दुपट्टा भट्टीत टाकेपर्यंत. ती म्हने, "पुन्हा सांग. पोराकडं पाहून सांग." पुन्हा सांगितलं. दिवे लागेपर्यंत सांगाले लावलं तिनं. मंग उठली, आन त्यानं पानी मागितलं तर दिलं नाई.

लटारी मंग नऊ वर्षं जगला. चावडीवर, हॉटेलात, लग्नात, कोनीही विचारलं का सांगे. मिशी उतरवली होती. एक वेळ नवीन आलेल्या बाबूले सांगाचं टाळलं, तर त्या रात्री त्याच्या उशापाशी बफर वाजला. सारी चाळ जागी झाली. त्यानंतर कधी टाळलं नाई. म्हनून तर तुमाले ही गोष्ट त्याच्या तोंडची सांगून रायलो.

मराच्या आधी मी त्याच्यापाशी बसलो होतो. विचारलं, "लटारी, त्यानं तुले सोडला काऊन रे? पाय घसरला म्हनून वाचला तू?"

तो म्हने, "पाय नाई घसरला रे उरकुडा. त्यानं मले खाली ओढला. कानात म्हनला, तू मेला तर सांगन कोन?"

म्हनून सांगतो लेकहो. दोन नंबरच्या रुळानं जाऊ नका. रातचं नाई, दिवसाही नाई. कोन म्हने कवडू गरिबाले काई करत नाई. करत नसन. पन ज्यानं आपली चूक मेलेल्याच्या अंगावर ढकलली, त्यानं तर तिकडं पायही ठेवू नये. तिथं जीव नाई घेत. तोंड उघडवते. आन एकदा उघडलं का मरेपर्यंत बंद करू देत नाई.

उठा आता. संग संग जा घरी.