मानाचं हेल्मेट

मंडळी, जरा पुढे सरका. मांडवाच्या त्या कडेनं ऊन आत येतंय, मागच्यांना त्रास होईल. सरकलात? बरं. आज आख्यानाच्या आधी एक प्रश्न विचारते. सोपा आहे, पण उत्तर घाईनं देऊ नका.

हे डोकं कुणाचं?

हसलात! खांद्यावर माझ्या आहे, म्हणजे माझंच, असंच ना? मग तान्हेपणी मान धरत नव्हती, तेव्हा या डोक्याखाली तळवा कुणाचा होता? तीन-चार महिने, उचलताना दर वेळी कुणीतरी हात लावला, म्हणून आज ते ताठ उभं आहे आणि म्हणतंय, मी माझंच! असू दे. तुमचं उत्तर तुमच्यापाशी ठेवा.

आणि दुसरी गोष्ट. संशय घेऊ नये, संशयानं संसार बुडतो, असं आपल्याला शिकवतात. मी म्हणते, घ्यावा! पण अर्धा घेऊ नये. अर्ध्या संशयानं काय होतं, ते ऐका.

घाटाच्या पायथ्याला खडकवली नावाचं गाव. तिथं बळवंत शेडगे नावाचे लाइनमन. वायरी ओढायच्या, खांबावर चढायचं, गेलेली वीज आणायची. सारा गाव त्यांना नाना म्हणे. नानांचा स्वभाव एका शब्दात सांगते—संशयी! दूध आलं की थेंब नखावर ठेवून बघणार. कलिंगड वाजवून घेणार. मुलीसाठी स्थळ आलं, मुलगा चांगला, घर चांगलं. नाना म्हणाले, "फार गोड बोलतो. काहीतरी लपवतोय." स्थळ परत!

पण मंडळी, या स्वभावावरच नाना सत्तावीस वर्षं जगले. खालून जोडीदार ओरडायचा, "नाना, चढा! लाइन मेली!" नाना वरून विचारायचे, "मेली असं तू म्हणतोस. तारेला विचारलंस का?" आणि तपासल्याशिवाय हात लावायचे नाहीत. नव्या पोरांना ते एकच वाक्य सांगत. लाइनमन जिवंत तारेनं मरत नाही. जी मेली असं तो धरून चालतो, त्या तारेनं मरतो.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

तर एके दिवशी घाटाच्या तोंडाशी फलक लागला—हेल्मेटसक्ती! चौकी बसली, शिट्टी वाजू लागली. रोज उघड्या डोक्यानं घाट चढणारे नाना पारावर येऊन बसले. "सक्ती! शब्द ऐकलात? माझं डोकं, माझी मर्जी! फुटलं तर माझं फुटेल. सरकारला आत्ताच माझ्या डोक्याचा एवढा कळवळा का? यात कुणाचं तरी दुकान आहे. लिहून घ्या!"

आता खरं सांगा, नाना अगदीच चुकीचं बोलत होते का? त्याच घाटात तिसऱ्या वळणावरचा कठडा दोन पावसाळे ढासळलेला. खड्डे असे, की म्हशीनं बसावं. जो कठडा बांधत नाही, तो माझं डोकं बांधायला निघाला, तर संशय येणारच! मी नानांच्या बाजूनं आहे. अजून तरी!

आता त्या गावची एक गंमत. खडकवलीच्या भैरोबाच्या देवळात, घंटेच्या शेजारी, खुंटीला एक हेल्मेट टांगलेलं होतं. लाल रंगाचं. वरून शेंदूर फासलेला, गळ्यात झेंडूची माळ! ते तुळशीराम दूधवाल्याचं. तीन वर्षांपूर्वी तो घाटात घसरला, डोकं थेट मैलाच्या दगडावर आपटलं. लोक धावले. तुळशीराम उठून बसला आणि म्हणाला, "किटल्या सांडल्या का रे?" डोक्याला खरचटलंसुद्धा नव्हतं!

मग काय! गाव म्हणालं, देव हेल्मेटात आला. वाजतगाजत ते देवळात नेलं. म्हादबा गुरवानं पूजा मांडली. पुढे रीतच पडली. घाटापलीकडे कुणाचं महत्त्वाचं काम असलं—परीक्षा, सोयरीक, कोर्टाची तारीख—की नारळ ठेवायचा आणि ते हेल्मेट घालून जायचं. काम झालं की आणून खुंटीला. मानाचं हेल्मेट! बाकीच्या दिवशी? बाकीच्या दिवशी उघड्या डोक्यानं! रोजच्या कामाला देवाला कशाला त्रास द्यायचा?

अहो, हसता काय? तुमच्याकडे नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात की नाही? ठेवतात. आणि ब्रेक तपासतात की नाही?... आता कसं शांत झालात!

नानांची मुलगी रेवती. तपासनीस बापाची तपासनीस मुलगी. रक्त तपासण्याचं शिक्षण घेतलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात प्रयोगशाळेत नोकरी लागली. सोमवारी रुजू व्हायचं होतं. रस्ता एकच, घाटाचा. गाडी घरचीच स्कूटर. तिची आई कलावती, फार न बोलणारी बाई. ती एवढंच म्हणाली, "माझी पोर डोकं झाकून जाईल. नाहीतर जाणार नाही."

नाना निघाले हेल्मेट बघायला. घाटाच्या तोंडाशी, चौकीपासून पन्नास पावलांवर, एकानं चादर अंथरून हेल्मेटं मांडली होती. नानांनी एक उचललं. वाजवलं. नखानं आयएसआयचा शिक्का खरवडला. निघालाच की तो! आत बोट घातलं. पातळ स्पंज, त्याच्या मागं काही नाही. नाना म्हणाले, "अरे, हे हेल्मेट की घमेलं?"

विकणारा म्हणाला, "काका, पोलिसाला चालतं ना? मग झालं!"

ऐकलंत? पोलिसाला चालतं! दगडाला चालतं का, ते कुणी विचारायचं?

नाना विजयी होऊन घरी आले. "सांगितलं नव्हतं? दुकान आहे! सगळं बनावट. आपल्या रेवाला मानाचं हेल्मेट घालू. ते पारखलेलं आहे. त्यानं माणूस वाचवलाय!"

मंडळी, इथं थांबा. ज्या माणसानं दुधावर संशय घेतला, कलिंगडावर घेतला, मुलीच्या स्थळावर घेतला, सरकारवर घेतला, त्याचा संशय देवळाच्या पायरीवर चपलांबरोबर बाहेर राहिला! यालाच मी अर्धा संशय म्हणते.

रविवारी सकाळी सगळे देवळात. नारळ ठेवला. म्हादबानं माळ काढून हेल्मेट रेवतीच्या हातात दिलं. तिनं ते डोक्यावर न ठेवता उलटं केलं आणि आत बघू लागली.

"मामा, याचं अस्तर काढू का?"

म्हादबा दचकला. "अगं, देवाची वस्तू आहे! देवाची परीक्षा घेतेस?"

"देवाची नाही, मामा. थर्माकोलची."

"थर्माकोलची कसली परीक्षा?"

रेवती शांतपणे म्हणाली, "क्रिकेटचा चेंडू झेलताना हात मागं घेतात ना? नाही घेतला तर बोटं मोडतात. हेल्मेटातला थर्माकोल डोक्यासाठी तेच करतो. डोकं आपटलं की तो चिरडला जातो, आणि तेवढ्यात डोक्याला थांबायला जागा मिळते. पण एकदा चिरडला की तो पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. टीव्हीच्या खोक्यातला दाबून बघा. याचं काम तीन वर्षांपूर्वीच झालं असेल."

नानांचा आवाज चढला. "असेल म्हणजे? तुळशीराम समोर उभा आहे, दिसत नाही का? गावभर लोकांनी घातलं, कुणाला काही झालं? रेवा, हट्ट करू नकोस. मी सांगतो, हेच घालायचं!"

"ही सक्ती झाली, नाना."

देवळात कुणीतरी फिस्सकन हसलं.

"माझं डोकं, माझी मर्जी," रेवती म्हणाली. "वाक्य तुमचंच आहे."

"तुझं डोकं काय तुझ्या एकटीचं आहे? तुला काही झालं तर तुझी आई—"

आणि नाना थांबले. वाक्य तोंडातून निघालं होतं, परत घेता येईना. बायकांच्या बाजूनं कलावतीबाईंचा आवाज आला, अगदी हळू.

"बोला ना. आईचं काय? आणि तुम्हाला काही झालं तर तिचं काय? सत्तावीस वर्षं रोज दार उघडं ठेवून बसते मी. तारेचं भय नाही मला. तारेला तुम्ही विचारता. घाटाला विचारत नाही."

मंडळी, कीर्तनकारानं इथं काही बोलू नये. मीही बोलत नाही.

थोड्या वेळानं रेवती म्हणाली, "नाना, लाइन मेली असं कुणी सांगितलं तर तुम्ही काय करता?"

"तपासतो."

"कोण सांगतंय ते बघता?"

"साहेबानं सांगितलं तरी तपासतो."

"आणि देवानं सांगितलं तर?"

नानांनी हात पुढे केला. पोरीच्या हातातलं हेल्मेट घेतलं. खिशाला टेस्टर होता. लाइनमनचा खिसा त्याशिवाय असतो कुठे? म्हादबा म्हणाला, "नाना, पाप लागेल." नाना म्हणाले, "माझ्या नावावर लाव." टेस्टरच्या टोकानं अस्तराची बटणं उचकटली. अस्तर निघालं.

उजव्या बाजूला अंगठा दाबला. थर्माकोल करकरला. जाडी दोन बोटं. मग डाव्या बाजूला, कानाच्या वर. तिथं एक बोटसुद्धा भरेना! खळगा पडलेला, आणि खळग्याचा तळ दगडासारखा. बाहेरचा शेंदूर नखानं खरवडला, तर खाली केसाएवढी चीर, पार कडेपर्यंत गेलेली.

तुळशीराम दूधवाला पुढे वाकून बघत होता. बघता बघता त्याचा हात आपोआप वर गेला आणि डाव्या कानाच्या वर, बरोबर त्याच जागी, टेकला. तो खाली बसला.

मग म्हादबा बोलू लागला, स्वतःशीच. "सुतारांची पोर बारावीला गेली, हेच घालून. तुळशीरामचा भाऊ मुलगी बघायला. पाटलांचा जावई... माझी सून. सातवा महिना होता. मीच बांधलं तिच्या हनुवटीखाली. म्हटलं, देव आहे, भिऊ नको."

काही झालं होतं का या लोकांना? नाही! एकालाही नाही! आणि मंडळी, म्हणूनच तर तीन वर्षं कुणाला कळलं नाही. कुणी पडलंच नाही, म्हणून ते हेल्मेट पावत राहिलं. ते डोकी सांभाळत नव्हतं. ते फक्त डोक्यावर होतं.

आता गाव तापणार, देव बाटवला म्हणून शेडग्यांच्या अंगावर जाणार, असं वाटतंय ना? मलाही वाटलं असतं. पण म्हादबा गुरव अस्सल गुरव होता. तो उठला, नारळ सोलायचा कोयता घेतला, आणि म्हणाला, "भंगलेली मूर्ती पुजत नाहीत. शेंदराखाली भंगलेली होती, मला दिसली नाही." आणि त्यानं हेल्मेटचा पट्टा दोन्ही बाजूंनी कापला! "याला बांधून आता कुणी जाणार नाही." मग ते खुंटीला परत टांगलं. अस्तराशिवाय, खळगा लोकांकडे करून. "ज्यानं एकदा देह दिला, त्याला हात जोडावेत. पुन्हा कामाला लावू नये."

म्हणा—भैरोबाच्या नावानं चांगभलं! हळू म्हणा, मला दोन गोष्टी अजून सांगायच्या आहेत.

सोमवारी रेवती एसटीनं गेली आणि वेळेवर रुजू झाली. सोबत नानाही गेले. दिवसभर तालुक्यातल्या एका दुकानात बसले. दुकानदाराला असा पिडला, असा पिडला, की तो म्हणाला, "काका, तुम्ही घ्यायला आलात की धाड घालायला?" रेवती सुटून आली. तिनं आधी स्वतःच्या डोक्याचं माप घेतलं, मग टेप नानांच्या कपाळावरून फिरवला. नाना म्हणाले, "माझं कशाला?" ती म्हणाली, "अठ्ठावन्न," आणि कागदावर लिहिलं. नाना त्या आकड्याकडे बघत राहिले. जन्मभर स्वतःचं म्हणवलेलं डोकं, त्याचं माप त्यांना त्या दिवशी कळलं. तेही लेकीकडून.

पुढच्या आठवड्यात नाना हेल्मेट घालून घाटाच्या तोंडाशी आले. हवालदार हसला. "काय नाना! शेवटी कायदा मानला!"

"कायदा नाही मानला. वस्तू तपासून घेतली," नाना म्हणाले. "आता चला तिसऱ्या वळणावर. तुमचा कठडा तपासू."

बघा! संशय गेला नाही हो माणसाचा. उलट पुरा झाला! कायद्यावर होता, तो राहिला. दुकानावर होता, तो राहिला. देवळापर्यंत पोचला. आणि शेवटी पोचला तिथं, जिथं तो सत्तावीस वर्षं एकदाही गेला नव्हता. 'मला काही होत नाही' या तारेवर! ती मेलेली आहे असं नानांनी धरलं होतं. तपासली नव्हती.

आता तुमच्याकडे येते.

मांडवात येताना बाहेरच्या गाड्या मोजल्या मी. त्रेसष्ट. हेल्मेटं अकरा. त्यातली चार आरशाला लटकलेली. निळ्या शर्टातले भाऊ, तुमचं त्यातच आहे. तुमचा आरसा सुखरूप आहे, अभिनंदन! आणि मागं बसणाऱ्या बायका, मुलं? त्यांच्यासाठी एकही नाही. त्यांची डोकी कुणाची, हे तर आपण अजून विचारलंच नाही.

माझं ऐकू नका. मीही गोडच बोलते. माझ्यावरही संशय घ्या! घरी गेल्यावर खुंटीवरचं हेल्मेट काढा, उलटं करा, अंगठा दाबून बघा. कुणी दिलं, आधी कधी कुठं पडलं होतं का, हे विचारलंत का? आणि मग, किक मारायच्या आधी, हा असा तळवा डोक्याच्या मागं न्या. तुम्हीसुद्धा, भाऊ. न्या वर. इथं.

इथंच होता तो हात. आता सांगा, डोकं कुणाचं?