नसीमभाभींच्या गाडीचा हूक

भोरच्या आमच्या नसीमभाभी साठीतही जुनी फियाट शर्यतीत पळवतात, माहीत आहे ना? परवा आयोजकांनी कळवलं, बंद पडल्यावर ओढायला पुढं हूक नसेल तर गाडी ट्रॅकवर घेणार नाही. माझ्या दुकानातला जाड हूक घेऊन आम्ही वरव्याच्या संपत वेल्डरकडं गेलो. केलेलं काम ट्रॅक्टरनं ओढून बघितल्याशिवाय तो सोडत नाही. पण या वेळी हूक चेसीला बसवून झाल्यावर तोच कचरला.

"भाभी, लई जुनी गाडी हाय. म्या न्हाई वढत."

भाभी आत बसल्या, ब्रेक दाबून धरला. "वढ रे! तुटायचा तर हितंच तुटू दे."

संपतनं हुकाला दोर बांधून ट्रॅक्टर पुढं घेतला. गाडी फरफटत पुढं आली, हूक जागचा हलला नाही. आम्ही घाम पुसतोय, तर भाभींनी खिडकीतून डोकं काढलं. "संपत, दोर सोडू नकोस. आता मी रिव्हर्स टाकते. बघू तुझा ट्रॅक्टर येतो का!"