रस्त्याला लंब

चहा पाजा, पण मला लंबरेषेचं समीकरण विचारू नका. सिंधीपुऱ्यात अकरावीच्या पोरांना मी तेच शिकवते, म्हणून तर घरच्यांनी मला धरलं.

तुकईथडचं केळीचं शेत वडील आणि काकांमध्ये वाटायचं होतं. दोघं वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते, सगळे निरोप माझ्यामार्फत. पटवाऱ्यावर कुणाचाच भरोसा नाही. ठरलं एवढंच, की तारेचं कुंपण विहिरीपासून निघेल आणि रस्त्याला बराबर काटकोनात जाईल, म्हणजे बेईमानीला जागाच नको.

मी विहीर शून्यावर धरली. रस्त्याचा चढ दोन आला, म्हणून कुंपणाचा वजा एक छेद दोन. समीकरण मांडून दिशा दाखवली, आणि काका दोरी धरून चुन्याची रेघ मारत निघाले. मधेच थांबले. रेघ आजोबांच्या समाधीच्या ओट्यावर चढत होती.

मी घाईघाईनं म्हटलं, "काका, इथं थोडी तिरपी घेऊ. हातभरानं काय बिघडतं?"

वडील मागून म्हणाले, "कुणाकडे तिरपी?"



काका म्हणाले, "बेटा, पहिले पडताळा करून दाखव."

मी दोन्ही चढांचा गुणाकार केला. वजा एकच आला. रेघ लंबच होती.

"मग हिसाब बराबर आहे," काका म्हणाले.

तेव्हा वर्षभरात पहिल्यांदा वडील काकांशी बोलले.

"पहार आण. खांब ओट्याच्या बराबर मधोमध आला पाहिजे."