पुढचं एकोणीस, मागचं सतरा

नाही, तुम्हीच सांगा, गाडीची दोन चाकं सारखी नाहीत म्हणून कधी कुणाचं लग्न अडलंय? माझं अडलं. पनवेलला माझं स्वतःचं गॅरेज, बारा वर्षं लोकांची चाकं काढतोय-बसवतोय, आणि मला ऐकावं लागलं की पोराला चाकं पारखता येत नाहीत. आणि म्हणणारे कोण, तर प्रांजलचे वडील, करंज्याचे काशिरामकाका, होड्या बांधणारे सुतार. होडीला चाक असतं का? मग?

झालं काय, आम्ही दोघांनी एकमेकांना पसंत करून ठेवलेलं, म्हणून रीतसर बोलणी करायला मी त्यांच्या घरी गेलो, अंगणात नवी बाईक लावली, तर चहा यायच्या आत काकांनी खिशातून सुतळी काढली. फळ्या मापायची सवय ना... पुढच्या चाकाला लावली, मागच्याला लावली, आणि म्हणाले, "शैलेश, तुला फसवलंय रं. म्होरचं चाक दोन बोटं मोठं हाय."

म्हटलं काका, फसवलं नाही, मुद्दाम असतं. पुढचं एकोणीस इंची, मोठं, म्हणून खड्ड्यात अडकत नाही, चढून जातं. मागचं सतरा, लहान पण जाड, ओझं घेतं, सीट खाली राहते, पाय जमिनीला टेकतात. कंपनीतूनच तशी येते. तर म्हणतात, "आनि ट्रॅक्टरचं? त्याचं मागचं मोठं. तुजं उलटं कसं?" अहो, ट्रॅक्टर चिखलात जोर लावतो, मी काय नांगरायला चाललोय? "सोताची चाकं जुळवता येत नाय, तो संसार काय जुळवनार. बदलून ये, मंग बोलू."

प्रांजल दारातून खुणावतेय, बदल ना रे. घरचंच गॅरेज, अर्ध्या तासाचं काम. पण नाही बदलणार. का बदलू? उद्या म्हणतील हँडल सरळ कर, तेही करू? मुद्दाम असतं म्हणजे असतं.

मग मीच विचारलं, काका, तुमच्या होडीचं तोंड वर उचललेलं का असतं? "लाटेवर चढाया." झालं तर मग... खड्डा म्हणजे आमची लाट. काकांनी सुतळी गुंडाळून खिशात टाकली. पण सुतार माणूस, स्वतः बघितल्याशिवाय मानतोय थोडाच. म्हणाले, "चल, दाव."

नेलं जासईच्या रस्त्याला. कंटेनरच्या ट्रेलरांनी तिथे काय करून ठेवलंय, तुम्हाला माहितीच आहे. मी पुढे, काका मागे. एक खड्डा, दुसरा, तिसरा, चाक असं अलगद चढून जातंय, आणि मी प्रत्येक खड्ड्याला ओरडतोय, बघा काका, मुद्दाम असतं. मागून काका माझा खांदा आणखी घट्ट धरतायत. मला वाटलं, जिंकलो.

घरी आलो. काका उतरले, म्हणजे प्रांजलने उतरवले. कंबर धरून ओट्यावर टेकले. "पटलं," म्हणाले, "म्होरचं मोठंच पायजे. म्होरं बसनाऱ्याला कायबी लागत नाय." मी छाती काढून उभा. "आनि मागं बसनाऱ्याला सगलं लागतंय. मंग माजी पोर जल्मभर कुठं बसनार?"

मी छाती आत घेतली.

चाक मी बदललं नाही हं, आजपर्यंत नाही. लग्नही झालं, काकांच्या एका अटीवर. आता पनवेलहून करंज्याला जाताना गाडी प्रांजल चालवते. मी मागे. तिला काही जाणवतच नाही, त्यामुळे ती वेगही कमी करत नाही. मोठ्ठा खड्डा गेला की तेवढं विचारते, "काही होतं का रे?" आणि मी म्हणतो, नाही गं. चालव.