मोळी उचलणारा हात

माझं नाव कौसाबाई. गाव पाथर्डीच्या अंगाला, डोंगराखाली, तिथं पानी कमी आन् दगूड जास्ती. आईबाप उसाला जायचे, त्यांच्या मागं मी पन जायची, दिवाळी झाली की निघायचं आन् ऊन तापल्यावर परत यायचं, मग शाळा कुठली आन् काय, दुसरीपर्यंत गेले तेवढीच. लगीन झालं तर नवरा हायस्कुलात शिपाई. मानूस चांगला हुता पन तापानं गेला, चार दिसांत गेला, आन् संस्थेनं मला त्याच्या जागेवर घेतलं. घंटा द्यायची, झाडायचं, पानी भरायचं, आन् प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या धुवायच्या. पोरं मला मावशी म्हनायची. हेडमास्तर बी मावशीच म्हनायचे.

तुमी शालनचं इचारलं ना, तर सांगते. नववीला हुती. नामदेवची पोरगी. नामदेव आन् त्याची बायको सरू, दोघं ऊसतोडीला जायचे, आन् ही थोरली, म्हंजे कोपीवर, फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, भाकरी करायला आन् धाकट्याला संभाळायला हीच. दर साली दिवाळीनंतर हिची शाळा बंद. तरी पास व्हायची, कशी व्हायची ते तिलाच ठाव.

त्या साली जोशी सर म्हनून इज्ञानाचे सर आमच्याकडं नवे आल्ते. नगरचे, पूजापाठवाल्या घरातले, पन मानूस लई साधा, माझ्या हातचा च्या पहिल्या दिवशी मागून घेतला त्यांनी. त्यांनी पोरांना इचारलं, प्रदर्शनाला काय करायचं. कोन म्हनलं ज्वालामुखी, कोन म्हनलं कारंजं. शालन म्हनली, सर, मोळी उचलनारा हात करायचा. सर म्हनले, कसली मोळी गं? ती म्हनली, उसाची. माझी आई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं ट्रकवर चढती, गेल्या साली घसरली.

मग काय सांगू तुम्हाला, दोन महिने शाळा सुटल्यावर सर, शालन, आन् तिच्या दोन मैत्रिनी, नजमा आन् संगीता, चौघं बी त्यातच. डॉक्टरकडनं इंजेक्शनच्या नळ्या आनल्या, मीच उकळून दिल्या त्या. नळीत पानी भरायचं, हिकडनं दाबलं की तिकडं लाकडाची बोटं मिटायची. सायकलची साखळी लावून मनगट वर जायचं. सर त्याला रोबोट म्हनायचे, आमी हातच म्हनायचो. तालुक्याला पहिला नंबर आला. आता नगरला जायचं, जिल्ह्याच्या प्रदर्शनाला. पन तिथं ते लाकडाचं खेळनं चालायचं न्हाई, सर म्हनले, खरी मोटार पाहिजे, लोखंड पाहिजे, अन् संस्था म्हनती आमच्याकडं काही नाही, तेव्हा स्पॉन्सर शोधावा लागेल. मला वाटलं स्पॉन्सर म्हंजे त्या यंत्राचाच कायतरी पार्ट आसल. मी म्हनलं, भंगारवाल्याकडं मिळंल की सर. सर लई हसले. मग समजून सांगितलं.

तेवढ्यात नामदेव शाळेत आला. दिवाळी तोंडावर हुती. म्हनला, सर, आमचा ट्रक पाडव्यापासनं चौथ्या दिशी निघनार, पोरीचं नाव काढून ठिवा. सर म्हनले, नामदेवराव, ही मुलगी गेली तर हा हात कोण चालवणार? तो म्हनला, सर, तुमी शिकलेले हाव, तुमाला त्यात कायतरी दिसतंय, मला पोरांचा खेळ दिसतो. कुनी मोठा मानूस ह्याच्यामागं हुबा राहिला, तर मी पोर ठिवतो. न्हाईतर चार महिने तिच्या आईनं मोळ्या व्हायच्या का भाकरी थापायच्या? आता त्याचं बी काय चुकलं सांगा. मी तसल्याच कोपीत वाढल्याली, मला त्याच्यावर राग येईना.

सर एकटेच पोरींना घेऊन हिंडनार कसे, गाव हाय, लोक बोलत्यात. म्हनून मला म्हनले मावशी, तुम्ही बरोबर चला. अशी मी त्यात शिरले.

पयल्यांदा पाथर्डीत कापडवाल्याकडं गेलो. शेट चांगले बोलले, च्या पाजला. इचारलं, माझं नाव कुठं येनार? सर म्हनले, पाटीवर. शेट म्हनले, प्रदर्शनात पाटी वाचनार कोन, मी गनपतीला देतो तर सगळा बाजार वाचतो. झालं. उठलो.

मग साखर कारखान्यावर. कुठला ते न्हाई सांगत, जाऊ द्या. तिथल्या साहेबांनी हात बघितला, पोरीच्या डोक्यावरनं हात फिरवला, आन् सरांना म्हनले, मास्तर, हे मी गेटवर ठेवलं तर ऊसतोडीच्या टोळ्या मला विचारतील, आम्हाला काढता का म्हणून. आन् चाललंय की आत्ता, मोळी काय खाली राहते का? शालन तिथंच हुबी, खाली मान घालून. येताना यष्टीत खिडकीला बसली, आन् म्हनली, मावशी, त्यांनी मोळी वर गेल्याली बघितलीया, कोन नेतं ते न्हाई बघितलं.

राहिलं नगर. सर म्हनले, एमआयडीसीत एक शेतीची औजारं बनवणारे आहेत, स्वतः इंजिनियर आहेत, तिथं जाऊ. एकदा गेलो तर साहेब बाहेरगावी. दुसऱ्यांदा गेलो तो शेवटचाच दिस, त्याच दिशी तिसऱ्या पारी, दुपार कलल्यावर, गावातनं ट्रक निघनार. पहिल्या यष्टीनं निघालो, हात पोत्यात गुंडाळल्याला. वाचमन म्हनला, चिठ्ठी हाय का? चिठ्ठी कुठनं आसनार. मग आमी गेटापाशी लिंबाखाली बसलो. शालननं पोतं सोडलं आन् नळ्यांत पानी भरून बसली, म्हनली, बसून काय करायचं. कामगार येताना जाताना थांबायला लागले. एकजन म्हनला, उचल बरं माझा डबा. हातानं डबा उचलला. ही गर्दी झाली! त्या गर्दीत साहेबांची गाडी आडली, आन् साहेब खाली उतरले.

आत नेलं. टेबलावर हात ठिवला तर एक नळी गळाली, सगळं पानी कागदावर. शालननं पटकन ओढनीनं पुसलं, भ्याली हुती पोरगी. साहेबांनी इचारलं, कोणी केलं हे? सर म्हनले, ह्या तिघींनी, पण डोकं हिचं. सांग, म्हनले. शालन पुस्तकातलं सुद्ध बोलायला गेली, आदरनीय महोदय, आन् आडकली. नजमानं तिला कोपरानं ढोसलं. मी म्हनलं, आगं, मला सांगतीस तसं सांग की. मग सांगितलं तिनं. साहेब वाकून बघत हुते, कागदावर रेघ मारून म्हनले, इथं चूक आहे, बोटं मोळीच्या मध्यावर पाहिजेत, तुम्ही एका कडेला धरलंय. शालन म्हनली, न्हाई साहेब. मोळी मधी धरत न्हाईत, बुडख्याकडं सरकून धरत्यात, बुडखा जड आसतो आन् शेंड्याकडची वाढ्याची बाजू हलकी. मधी धरली की बुडखा खाली जातो आन् मानूस तोल जाऊन पडतं.

साहेबांनी कागूद घेतला, आपलीच रेघ खोडली, नवी मारली. म्हनले, इतकी वर्षं औजारं करतो, हे मला कोणी सांगितलं नाही. मग म्हनले, मोटार देतो, लोखंड देतो, माझा टर्नर चार दिवस शाळेत येईल, आणि प्रदर्शनाला न्यायला टेम्पो. सरांनी इचारलं, आपलं नाव कसं घालू? साहेब म्हनले, खाली, लहान अक्षरात, वर शाळेचं घाला. सर म्हनले, साहेब, अजून एक, एक पत्र पाहिजे, आत्ता पाहिजे, आन् त्यात हिच्या वडलांचं नाव पाहिजे. का, ते सांगितलं. साहेबांनी हुबं राहून टाईप करून घेतलं.

यष्टी चुकली, मग जीपनं, मग पुढं पायी. गावात आलो तर ट्रक भरल्याला. बाया, पोरं, कोंबड्या, शेरडं, सगळं वर. शालनचं गठुडं बी वर. सरांना धाप लागल्याली, त्यांनी पत्र वाचलं, श्री. नामदेव यांची कन्या कुमारी शालन हिने बनवलेल्या यंत्रास आमची कंपनी साहाय्य करत आहे. नामदेव म्हनला, परत वाचा. परत वाचलं. शिक्क्यावरनं बोट फिरवलं त्यानं. मग मला म्हनला, कौसाबाई, पोर ऱ्हानार कुठं? मी म्हनलं, माझ्या घरी. तो जरा थांबला. आमची आळी बौद्धांची, त्याची जात येगळी, सगळा ट्रक वरनं ऐकत हुता. आता त्यानंच बोलायचं हुतं. मग म्हनला, खाईल ती तुमच्या हातचं. आन् वर चढून गठुडं खाली काढलं. सरू ट्रकवरनंच वाकून मला म्हनली, ताई, तिला पहाटंचं उठवू नगा, पाचव्या वर्सापासनं उठतीया.

नगरला दुसरा नंबर आला. परीक्षकांपुढं तिसऱ्या खेपंला साखळी सुटली, शालन म्हनली, थांबा, सुटली, लावते, आन् लावली. पहिला नंबर शहरातल्या शाळेला गेला, त्यांचं चांगलं हुतं, खोटं कशाला बोलू. पुढं काय आपला हात गेला न्हाई. आता प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात हाय, मी धूळ पुसते. सरू अजून मोळ्या व्हाती. ते तसं लगीच कुठं बदलतंय.

शालन आता नगरला आयटीआयला हाय, सगळ्या पोरांत त्या वर्गाला ही एकलीच पोरगी. सुट्टीला आली की आधी आईबापाकडं, आईबाप उसाला आसले तर माझ्याकडं. जेवून उशिरापतूर झोपती. मी घंटा द्यायला जाते, दार वढून घेते, न्हाई उठवत. सुखी ऱ्हावं पोरीनं, दुसरं काय मागायचं मी.