दत्तोबाची होडी आणि माझी पळी

...चौथा पंखा, अहो, चौथा! घरातला नव्हे, होडीचा! सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावर, माझ्या पाण्याच्या पिंपात घर्र घर्र फिरत होता आणि आमचे हे पिंपाला टेकून घड्याळ घेऊन बसलेले. म्हटलं, काय चाललंय हे? तर म्हणे, 'हिरा, कच्चं काम मला चालत नाही!'

तुम्हाला सांगते, सुरुवात आमच्या अनिरुद्धनं केली. हिंजवडीला कंपनीत आहे, सहा महिने अमेरिकेत राहून आला. लोकांची मुलं सेंट आणतात, चॉकलेटं आणतात... ह्यानं बॅगेतून काढली बॅटरीवरची होडीची मोटर! मागवली कोणी? बापानं! कशाला? तर दत्तोबाचा खांदा गेला म्हणून.

दत्तोबा म्हणजे ह्यांच्या मुळशीकडच्या गावचा, जिवाचा मित्र. धरणात जाळी टाकतो. डॉक्टर म्हणाले, वल्हं हातात धरायचं नाही. त्याचा मुलगा म्हणतो, होडी विका, रिसॉर्टवर वॉचमन व्हा. जन्म पाण्यावर गेला, त्या माणसानं आता गेटवर बसून मोटारींचे नंबर लिहायचे? अहो, लग्न होऊन मी सासरी गेले ती त्याच्या होडीतून! मी शालूत, दोन्ही हातांनी होडी घट्ट धरून रडतेय आणि हा वल्हवता वल्हवता म्हणतो, 'वैनी, पाण्याकडं बघू नगा, काठाकडं बघा. काठच येतोय बघा तुमच्याकडं.' आला हो काठ. अजून आठवतं.

तर पंखा! पहिला, कंपनीचा, प्लॅस्टिकचा. पाण्याखालच्या खडकावर पहिल्याच दिवशी पातं उडालं. 'कच्चं काम!' दुसऱ्यासाठी ह्यांनी बुधवार पेठ पालथी घातली. दुकानदार मान वर न करता म्हणतो, 'आजोबा, पुण्याला समुद्र आला की मागवू. तोवर टेबलफॅन दाखवू?' मग अनिरुद्धनंच कुठून तरी मागवला, तर त्याच्याभोवती जाळ्याचा दोरा गुंडाळला आणि तोही गेला. तिसरा ह्यांनी स्वतः घडवला, पितळी, मजबूत... इतका मजबूत आणि जड, की बॅटरी अर्ध्या पाण्यात संपली! दोघं म्हातारे तासभर हाका मारत बसले. आणि बॅटरी कुठली? माझ्या इन्व्हर्टरची! गुरुवारी आमच्याकडे लाइट जाते आणि नेमकी गुरुवारीच ह्यांची चाचणी. मी इकडे पुठ्ठ्यानं वारा घेतेय!

चौथा मात्र जमला हो. हलका, पळायला छान. पण आत एक बोटाच्या पेराएवढी पिन, ती सारखी तुटायची. 'कच्चं काम मला चालत नाही!' म्हणून ह्यांनी पोलादी पिन घातली. पुढच्या गुरुवारी पंखा बुडालेल्या खोडात अडकला. पंखा शाबूत. पिन शाबूत. मोटरचा दांडाच वाकला!

अनिरुद्धनं माहितीपुस्तक उघडलं. 'बाबा, पिन मुद्दाम मऊ ठेवतात. पंखा अडकला की ती तुटते, मोटर वाचते. पहिल्याच पानावर आहे.' चाळीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलेला माणूस पहिलं पान वाचेल? छे!

पण त्या दिवशी हे जेवले नाहीत. म्हणाले, 'हिरा, दत्तोबाची होडी माझ्यामुळे जाणार.' तुम्हाला सांगते, चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या तोंडातून 'माझ्यामुळे' पहिल्यांदा ऐकलं. मला बघवेना. उठले, देव्हाऱ्यातली माहेरची पितळी पळी आणली आणि पुढ्यात ठेवली. 'मऊ आहे का बघा.'

मोटरचा दांडा लेथवर सरळ झाला आणि पळीच्या दांड्याच्या निघाल्या नऊ पिना. गेल्या गुरुवारी मलाही नेलं. दत्तोबा एका हातानं मोटर धरून ऐटीत बसलेला... आणि भर पाण्यात, टक्! पिन तुटली. मी होडी घट्ट धरली. तो म्हणतो, 'वैनी, काठाकडं बघा.' ह्यांनी दोन मिनिटांत नवी पिन बसवली आणि वर मलाच विचारतात, 'कसं आहे आमचं कच्चं काम?' होडी निघाली. मी कुठली काठ बघते? मी त्या दोघांकडे बघत होते.

आता देवाला पाणी स्टीलच्या चमच्यानं घालते. सात पिना संपल्या, दोन उरल्यात, आणि कालपासून हे देव्हाऱ्यातल्या घंटेकडे बघतायत. तिची मूठ पितळेची! मी ती लपवून ठेवणार होते... शेवटी मीच चिंचेनं घासून ह्यांच्या ताटाशेजारी ठेवली. म्हटलं, घ्या. देवाला काय, मी तोंडानं हाक मारीन.